विश्लेषण : ठाणे-कल्याणमध्ये पाया खणताना कोरीव दगड सापडला तर?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत वाडे, जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. इतक्या जुन्या वस्तीत जमीन खणली की एखादा कोरीव दगड वर येऊ शकतो. तो राडारोड्यासोबत भरावात जातो, नाही तर शेंदूर फासून पारावर बसवला जातो. दोन्ही वेळा त्यावरचा मजकूर हरवण्याचीच भीती असते.

१७८७ मध्ये काय घडले?

ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहाच्या जागी, नव्या बांधकामाचा पाया खणताना ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये, म्हणजे इ. स. १०१७ साली दिलेल्या दानाचा तो लेख. रामलोचन पंडितांनी त्याचा अर्थ लावला, जनरल कार्नॅक यांनी तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला कळवला आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात तो छापला गेला. त्यातले ‘श्रीस्थानक’ म्हणजे आपले ठाणे. कुणी ते तांबे मोडीत काढले असते, तर हा पुरावा तिथेच संपला असता.

गधेगळ म्हणजे काय?

शिलाहारांच्या कोकणात आढळणारा हा दानशिलेचा प्रकार. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्रीचे शिल्प. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान टिकावे आणि ते मोडणाऱ्याला शाप लागावा, असा त्याचा अर्थ. अनेक ठिकाणी हा दगड अशुभ समजला जातो. खरे तर तो त्या काळचा सातबाराच म्हणायचा.

कायदा काय सांगतो?

१०६० सालचे अंबरनाथचे शिवमंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. रस्त्याकडेच्या सुट्या दगडाला असा रखवालदार नाही. मात्र १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. माहिती दडवल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. भीती असते ती काम थांबण्याची, आणि बिल्डरच्या वेळापत्रकात ती खोटीही नाही. पण दगड गुपचूप हलवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मोबाइलवर काय करता येईल?

दगड जागचा हलवू नये. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढावा. उथळ अक्षरे तेव्हाच उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवावी, लोकेशन चालू ठेवावे. अक्षरांत खडू, तेल किंवा रंग भरू नये. जाणकारांना कागदावर ठसा घेताना त्याचाच अडथळा होतो. फोटो जिल्हाधिकारी कार्यालय आणि राज्य पुरातत्त्व विभागाला पाठवावेत. नुसता व्हॉट्सअॅपवर फिरणारा फोटो उपयोगाचा नाही, कारण दोन दिवसांत तो कुठल्या गावचा हेच कळेनासे होते. दानलेखात जमिनीच्या सीमा, गावांची नावे असू शकतात. दगड मूळ जागेवरून हलला, की ती नावे आजच्या नकाशावर कुठे शोधायची, हा प्रश्न उरतो.