बारामती ते बेल लॅब्ज

बारामती म्हटलं की ऊस आठवतो, आणि त्याच्याही आधी राजकारण. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी याच गावातला, पण हे नाव तिथेही कितीजणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

१९५८ मध्ये त्यांनी पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे सीओईपीतून, पदवी घेतली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डची एम. एस. झाली आणि १९६१ मध्ये पीएच. डी. या पदव्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या; पण १९९५ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

मधली बत्तीस वर्षं ते बेल लॅब्जमध्ये होते. न्यू जर्सीतली ही प्रयोगशाळा एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. अमेरिकेतले बहुतेक टेलिफोन तिच्या ताब्यात, स्पर्धेची धास्ती जवळपास नाही. त्यामुळे संशोधकाला ‘याचा धंद्याला उपयोग काय’ असं रोज विचारणारं कोणी नव्हतं. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर तिथेच घडला होता. १९६० च्या डिसेंबरात हेलियम-निऑनचा पहिला वायू लेझरही तिथेच चालला, पण त्याची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजावी लागे.

लेझरसाठी बहुतेकजण तेव्हा एकेकट्या अणूंकडे पाहत होते. रेणू थरथरतो, गिरक्या घेतो, त्याची ऊर्जा शंभर ठिकाणी विखुरते. त्याच्या नादी कोण लागणार? पटेल लागले. कार्बन डायऑक्साइडमधून त्यांनी लेझर किरण मिळवला, पण तोही सुरुवातीला क्षीणच होता.

खरी गंमत पुढे आहे. १९६४ च्या प्रयोगात त्यांनी विजेचा झोत कार्बन डायऑक्साइडला लावलाच नाही. तो लावला नायट्रोजनला, तोही वेगळ्या नळीत. विजेच्या माऱ्याने नायट्रोजनचा रेणू थरथरू लागतो. पण त्यातले दोन्ही अणू सारखेच असल्याने ती ऊर्जा त्याला प्रकाश म्हणून टाकता येत नाही. ती तशीच घेऊन तो पुढच्या नळीत पोचतो. तिथे कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची एक ऊर्जापातळी जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असते. टक्कर होते आणि सगळी उधारी एका फटक्यात चुकती होते! पुढे त्यात हेलियम मिसळल्यावर १९६५ मध्ये सलग किरणाची शक्ती शंभर वॅटच्या पुढे गेली.

आता या शोधातून टेलिफोन कंपनीच्या तारांना काय मिळालं? फारसं काही नाही. या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, काच ती शोषून घेते, म्हणजे काचेच्या तंतूतून संदेश पाठवायला तो बिनकामाचा. मात्र पाणीही तो शोषतं, म्हणून शल्यचिकित्सकांनी उतींवर छेद घ्यायला तो उचलला. कारखान्यांनी पत्रा कापायला घेतला. धातूच्या कामात आता फायबर लेझर पुढे गेला आहे. पण पारदर्शक ॲक्रिलिकमधून त्याचा किरण आरपार निघून जातो, त्यामुळे दारावरची ॲक्रिलिकची नावाची पाटी कापायला आजही पटेलांचाच लेझर लागतो.

पटेल बेल लॅब्जमध्येच संशोधन विभागाचे कार्यकारी संचालक झाले. १९८९ मध्ये आयईईईचं मेडल ऑफ ऑनर आणि १९९६ मध्ये नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं. दरम्यान १९८४ मध्ये एटी अँड टीची मक्तेदारी मोडली गेली होती. तिच्याबरोबर संशोधकांची ती निवांत चैनही हळूहळू ओसरली, आणि हे त्या वाटणीतलं मोठं नुकसान म्हणावं लागेल.

१९९३ मध्ये पटेल कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत संशोधनाचे उपकुलगुरू म्हणून गेले. २००० मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांनी प्रॅनॅलिटिका ही स्वतःची कंपनी काढली. ती क्वांटम कॅस्केड लेझर बनवते. हा लेझर पहिल्यांदा चालला १९९४ मध्ये, बेल लॅब्जमध्येच, पटेल तिथून बाहेर पडल्यावर वर्षभरात.