कॉफी : मळ्यापासून पेल्यापर्यंत

वैजापूर तालुका हा कांद्याचा, कापसाचा, मक्याचा. इथे कॉफीचा मळा नाही, आणि आपल्या उघड्या, कमी पावसाच्या रानात तो होण्यासारखाही नाही. मग इथे बसून कॉफीची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पण ज्याने आपल्या कांद्याच्या वक्कलापुढे उभे राहून लिलाव पाहिला आहे, त्याला या पिकाची खरी गोष्ट चटकन समजेल. ती गोष्ट आहे मालाच्या प्रतीची, आणि त्या प्रतीचे श्रेय व मोल कोणाच्या पदरात पडते याची.

अलीकडे मोठ्या शहरांतून ‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द कानावर येतो. तिच्या एका पेल्याला दोनशे रुपयेसुद्धा पडतात, हे ऐकून आपल्याकडचा चहा पिणारा माणूस कपाळाला हात लावतो. हा काय प्रकार आहे, ते आपण क्रमाने पाहू.

आपल्या राज्यात कॉफी म्हटली की नाव येते अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचे. सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर हे ठिकाण आहे. तिथली लागवड थोडी आहे. देशातील कॉफीचे खरे माहेर कर्नाटकात. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संताने हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे.

कॉफीच्या मुख्य जाती दोन : अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका नाजूक, उंचावर राहणारी, चवीला सौम्य. रोबस्टा काटक, सखल भागातही येणारी आणि कडवट. आपल्या देशात दोन्ही सावलीत वाढवतात. वर पांगारा, सिल्व्हर ओक अशी झाडे, त्यांच्या खोडावर मिरीचे वेल आणि खाली कॉफी. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर आली की आठ-दहा दिवसांत सारा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. अरेबिकाची फळे पिकायला पुढे आठ-नऊ महिने लागतात.

खरी परीक्षा तोडणीला होते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळे असतात. सगळी एकदम ओरबाडली तर मजुरी वाचते, पण कच्च्या फळाची तुरट चव पेल्यात उतरते. म्हणून चांगला मळेवाला तेवढी लाल फळे वेचून घेतो, आणि त्यासाठी त्याच झाडाकडे तीन-चारदा परत येतो. मग त्याच दिवशी साल काढणे, बियांवरचा चिकट गर आंबवून धुणे, आणि खळ्यावर पातळ थर पसरून वाळवणे. दाण्यात ओलावा साधारण अकरा-बारा टक्के उरला पाहिजे. जास्त राहिला तर बुरशी येते. ओला कांदा चाळीत भरला तर काय होते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

पुढे टरफल काढून दाणे निवडतात आणि नमुना चवीला जातो. भरड पुडीवर गरम पाणी ओतून जाणकार मंडळी चमच्याने चव घेतात आणि वास, आंबटपणा, गोडवा, तोंडात रेंगाळणारी चव यांना गुण देतात. शंभरांपैकी ऐंशी किंवा अधिक गुण म्हणजे खास दर्जाची कॉफी, हा उंबरठा व्यापारात रूढ झाला. यातली मेख ही, की उत्तमपणा झाडावरच तयार होतो. पुढचा प्रत्येक हात तो फक्त राखू शकतो किंवा घालवू शकतो. भाजणारा कितीही कुशल असो, कच्च्या फळाचे पक्के करणे त्याच्या हाती नसते.

आता हिशेब करून पाहा. एक किलो दाण्यांसाठी पाच-सहा किलो फळे लागतात. भाजताना वजनात साधारण पंधरा टक्के घट येते. एका पेल्याला पंधरा ग्रॅम पूड धरली, तर त्यामागे पन्नास-साठ फळे होतात, एकेक हाताने तोडलेली. किलोभर दाण्यांतून पंचावन्नएक पेले निघतात. दोनशेच्या भावाने ते झाले अकरा हजार रुपये. मळेवाल्याला त्या किलोमागे मिळतात काही शे रुपये. जागेचे भाडे, दूध, पगार हे सारे मान्य केले, तरी अंतर मोठेच राहते.

हे अंतर कमी कसे व्हावे? इथे इतिहासाचा धडा आहे. दुसऱ्या महायुद्धात निर्यातीचा बाजार तुटला, तेव्हा १९४२ च्या कायद्याने कॉफीची विक्री कॉफी बोर्डाच्या हाती गेली. सगळ्यांनी माल बोर्डाकडे द्यायचा, बोर्डाने प्रतवारी करून लिलावाने विकायचा. पडत्या काळात या व्यवस्थेने मळेवाल्यांना तारले, हे विसरता येत नाही. पण माल एकत्र झाला की कोणाचा कोणता, ही ओळख पुसली जाई. ही बंधने टप्प्याटप्प्याने सुटली आणि १९९६ पासून संपूर्ण माल स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतरच मळ्याचे नाव पाकिटावर येऊ लागले.

हे फक्त बड्या मळेवाल्यांचे काम, असे समजू नका. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांचे एक-दोन एकरांचे तुकडे आहेत. लाल फळेच घ्यायची, ही शिस्त पाळून त्यांचा माल एकत्र प्रक्रियेला जाऊ लागला, आणि २०१७ मध्ये पॅरिसला अराकूच्या नावाने दुकान उघडले. २०१९ मध्ये अराकू, कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. मेळघाटच्या कोरकू शेतकऱ्याने पाहण्यासारखे हे उदाहरण आहे, आणि आपणही.

आता उरला आपला पेला. पाकीट घेताना मळ्याचे किंवा प्रदेशाचे नाव आणि भाजल्याची तारीख पाहावी. चिकोरीचे प्रमाणही वाचावे. मिश्रणात ती एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे निम्मी कॉफी कॉफीच नसते! चिकोरी आवडत असेल तर खुशाल प्यावी, पण कॉफीच्या भावाने घेऊ नये. दाणे लागतील तेवढेच दळावेत. पाणी उकळले की अर्धा मिनिट थांबून ओतावे. आणि पहिला घोट साखरेवाचून घेऊन पाहावा.

वाचकहो, आपल्या बाजारात निवडून, वाळवून, जपून आणलेला कांदा गोणीत पडला की ‘कांदा’ एवढाच उरतो. पिकवणाऱ्याचे नाव बांधावरच राहते. कॉफीने ते नाव पेल्यापर्यंत नेऊन दाखवले आहे. ते नाव वाचून माल घेणारे गिऱ्हाईक जितके वाढेल, तितके लाल फळाची वाट पाहणे शेतकऱ्याला परवडेल.