विमानातली थंडी येते कुठून?

उमराहहून परतलेल्या मंडळींच्या गप्पांत विमानातल्या थंडीचा विषय हमखास निघतो. 'शाल नेली म्हणून बरे झाले!' दमट दिवशी विमान उभे असताना वरच्या फटींतून पांढरा धूर येतो, तेव्हा काहीजण घाबरतातही. तो धूर नसतो. थंड हवा दमट हवेत मिसळली की बाष्पाचे धुके होते, इतकेच.

ही थंडी घरच्या एसीसारखी गॅसमुळे येते, असे अनेकांना वाटते. मोठ्या प्रवासी विमानांत मात्र सहसा हवेनेच हवा थंड करतात. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो आणि व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली की ती बोटाला गार लागते, हे मुलांनाही ठाऊक आहे. विमानातही तेच तत्त्व. इंजिनात दाबलेली गरम हवा थोडी काढून घेतात, बाहेरच्या हवेने निववतात, पुन्हा दाबतात, पुन्हा निववतात आणि टर्बाइनमधून सोडतात. टर्बाइन फिरवताना तिची ऊर्जा खर्च होते आणि ती गारठते. बोइंग 787 मध्ये इंजिनाऐवजी विजेचे कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबतात.

यात गळती झाली तरी हवाच हवेत जाते. पण हे फुकट नाही, त्यासाठी जास्तीचे इंधन जळते. म्हणून कमी ऊर्जेत चालणाऱ्या गॅसच्या यंत्रणेकडे इंजिनीअर वळतात, आणि अडचण तिथेच सुरू होते.

काही विमानांत जेवण थंड ठेवणारी यंत्रे, तसेच अनेक छोटी विमाने आणि हेलिकॉप्टर यांत आर-134ए हा गॅस असतो. तो ओझोनला इजा करत नाही, पण एक किलो निसटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे 1,400 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. अशा गॅसांचा वापर घटवण्याचा करार 2016 मध्ये रवांडातील किगाली येथे झाला. भारताने 2021 मध्ये त्याला मंजुरी दिली.

मग पर्याय कोणता? नव्या फ्रिजमधला आर-600ए पर्यावरणाला बरा, पण पेट घेणारा. हजारो फुटांवर बंद विमानात तो कोण ठेवील? नव्या मोटारींतला आर-1234वायएफही थोडा ज्वलनशील आहेच. मला कार्बन डायऑक्साइडच सर्वांत आशादायक वाटतो. तो जळत नाही. मात्र त्याला प्रचंड दाब लागतो, म्हणून नळ्या जाड आणि वजनदार, आणि विमानात वजन म्हणजे इंधन. शिवाय बाहेर कडक ऊन असले की त्याची कार्यक्षमता घटते. जेद्दाहच्या धावपट्टीवर, जिथे गारव्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच तो दमतो.