राऊटर रात्रीतून अपडेट झाला अन् प्रिंटर गायब? ‘रीसेट’ला हात लावण्याआधी हे वाचा

नांदेड/लातूर : रात्री झोपताना वायफाय नीट चालू होतं. सकाळी बघावं तर घरातल्या एका मोबाईलला नेट आहे, दुसऱ्याला नाही. वायफायची दोन नावं दिसायची, तिथं आता एकच दिसतंय. सेवा केंद्रात तर आणखी पंचाईत. बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोक उभे, संगणकावर नेट चालू, पण प्रिंटर काही कागद सोडत नाही. मग कुणीतरी टाचणी घेतं, राऊटरच्या मागच्या बारीक भोकात घालतं आणि दहा सेकंद दाबून धरतं. अन् जे थोडंफार चालू होतं, तेही बंद पडतं.

खरं तर नेट गेलेलंच नसतं. राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर कंपनीनं रात्री बदललेलं असतं. मोबाईल जसा अपडेट मागतो तसंच हे. फरक एवढाच की मोबाईल विचारतो, राऊटर बहुतेक वेळा विचारत नाही. कंपनीच्या यंत्रणेतून नवं सॉफ्टवेअर थेट घरातल्या डब्यात येतं, डबा एकदा बंद होऊन चालू होतो आणि काही सवयी बदलून उठतो.

रीस्टार्ट आणि रीसेट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रीस्टार्ट म्हणजे डब्याची लाइट बंद करून दोन मिनिटांनी चालू करणं. त्यानं काहीही पुसलं जात नाही, ते बिनधास्त करा. रीसेट म्हणजे पाटी कोरी करणं. फायबरच्या डब्यात तुमच्या जोडणीचं यूजरनेम, पासवर्ड आणि नेटवाल्यानं बसवताना भरलेली माहिती असते. रीसेटनं तीही जाऊ शकते. मग नेटवाला लॅपटॉप घेऊन येईपर्यंत काहीच करता येत नाही. तालुक्याच्या गावी हे तासाभराचं काम. किनवट-माहूरकडच्या आडगावात किंवा जळकोटच्या वाडी-तांड्यावर त्यात दोन दिवसही जातात.

आधी डब्यावरचे दिवे बघा. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकत असेल तर दोष अपडेटचा नाही, फायबरच्या वायरचा आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीनं वायर तोडली असेल, नाहीतर घरात वायर वाकली किंवा उंदरानं कुरतडली असेल. ‘पॉन’चा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर फायबर ठीक आहे. मग गडबड वायफायच्या बदललेल्या सेटिंगमध्ये शोधायची.

दोन नावांचं एक नाव

बऱ्याच राऊटरमधून वायफाय दोन पट्ट्यांवर निघतं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंतीतून पार होतो, पण हळू असतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण दम कमी. आपल्याकडच्या माळवदाच्या जाड भिंतीपुढं तो लगेच हात टेकतो, पत्र्याच्या भिंतीपलीकडंही त्याची रेंज नावालाच उरते. आधी या दोन पट्ट्यांची दोन नावं दिसायची, वेगवान नावाच्या शेवटी ‘५जी’ असायचं (त्याचा मोबाईलच्या फाइव्हजीशी काही संबंध नाही). नव्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा दोन्ही एका नावाखाली येतात आणि कुणाला कुठल्या पट्ट्यावर बसवायचं हे राऊटर ठरवतो. मोबाईलसाठी हे बरंच आहे, ओसरीवरून आतल्या खोलीत गेलं तरी नाव बदलावं लागत नाही.

घोळ होतो तो प्रिंटर आणि स्वस्तातल्या कॅमेऱ्यांचा. त्यातल्या बहुतेकांना २.४ च कळतं, आणि त्यांनी जुनं नाव पाठ केलेलं असतं. ते नाव गायब झालं की ते शोधतच बसतात. यावर उपाय सोपा आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ नावाचा पर्याय बंद करायचा आणि २.४ च्या पट्ट्याला पूर्वीचंच नाव आणि पूर्वीचाच पासवर्ड द्यायचा. स्पेलिंग, मोकळी जागा, मोठं-लहान अक्षर सगळं होतं तसंच हवं. प्रिंटर आपोआप जोडला जातो, त्याला हातही लावावा लागत नाही.

प्रिंटर जोडलेला दिसतोय तरी छापत नाही, असंही होतं. राऊटर बंद होऊन चालू झाला की घरातल्या यंत्रांना नवा नंबर वाटू शकतो. काल प्रिंटरला मिळालेला नंबर आज दुसऱ्याच्या मोबाईलला गेलेला असू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी नेटवाल्याला सांगून प्रिंटरचा नंबर राऊटरमध्ये एकदाच पक्का करून घ्यावा. पाच मिनिटांचं काम आहे.

जुन्या मोबाईलला वायफाय का लागत नाही?

वायफायच्या कुलपाचे प्रकार असतात. सध्या सगळीकडे डब्ल्यूपीए२ नावाचं कुलूप आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी त्यातली एक फट जगापुढं आणली. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, डब्ल्यूपीए३ हे नवं कुलूप आलं. नवं सॉफ्टवेअर काही वेळा तेच चालू करतं. ॲन्ड्रॉइडमध्ये त्याची सोय आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१९ नंतर आली. त्याआधीचा मोबाईल वापरणाऱ्या आजोबांना मग पासवर्ड बरोबर टाकूनही ‘कनेक्ट होत नाही’ एवढंच दिसतं. मोबाईल बिघडला म्हणून लातूरला दुकानात नेण्याची गरज नाही. सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडला की नवे-जुने दोन्ही चालतात. त्यानंही एखादा जुना प्रिंटर अडला, तर फक्त २.४ च्या पट्ट्यावर डब्ल्यूपीए२ ठेवावं. वैतागून कुलूपच काढून वायफाय ‘ओपन’ करणं मात्र महागात पडेल. तुमच्या नेटवरून कुणी गैरकृत्य केलं तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

ॲडमिन-ॲडमिन आता चालत नाही

सेटिंगमध्ये जायला मोबाईल त्याच वायफायला जोडून ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकतात. तो डब्याच्या खालच्या चिठ्ठीवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ (आकडे इंग्रजीत टाकायचे). पूर्वी तिथं ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’ टाकलं की दार उघडायचं. अपडेटनंतर अनेक राऊटर आधी नवा पासवर्ड ठेवायला लावतात, त्याशिवाय पुढं सोडतच नाहीत.

हा जाच वाटतो, पण त्यामागं धडा आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. देगलूर-उदगीरच्या सीमेपलीकडच्या कर्नाटकातही अनेक मोडेम बंद पडले होते. फटका बसला तो कारखान्यातून आलेला पासवर्ड ज्यांनी कधीच बदलला नव्हता, त्यांना. ब्रिटननं तर २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सारखाच, सहज ओळखता येणारा पासवर्ड देऊन अशी यंत्रं विकण्यावर कायद्यानंच बंदी घातली. नवा पासवर्ड ठेवला की वहीत लिहा. डब्यावरच चिकटवला तरी हरकत नाही, चोर घरात शिरून राऊटर बघत नाही, तो बाहेरून येतो. दुकानात मात्र गिऱ्हाइकाला दिसेल असा चिकटवू नका.

मध्येच लाइट गेली तर

अपडेट साधारण पहाटेच्या आधी, दोन ते पाचच्या दरम्यान ठेवलेलं असतं. तेव्हा दिवे वेगळ्या पद्धतीनं लुकलुकतात आणि पाच-दहा मिनिटं नेट नसतं. त्या वेळात डब्याचा पिन ओढू नका. सॉफ्टवेअर अर्धं लिहून झालं आणि लाइट गेली तर स्वस्त राऊटर कायमचा मुका होऊ शकतो. चांगल्या राऊटरमध्ये जुन्या सॉफ्टवेअरची दुसरी प्रत असते, ते तिच्यावर परत येतात. आपल्याकडं लाइटीचा भरवसा नाही, म्हणून राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेतलेला बरा. घेताना ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळवून बघा. ९ व्होल्टच्या डब्याला १२ चा लावला तर अपडेटच्या आधी तोच डबा घालवू शकतो.

या अपडेटच्या नावाखाली फोनही येऊ शकतो. ‘तुमचा राऊटर जुना झालाय, नेट बंद होईल, ही फाइल घ्या, ओटीपी सांगा, स्क्रीन दाखवा.’ राऊटर अपडेट करायला ओटीपी लागत नाही, मोबाईलमध्ये एपीके टाकावी लागत नाही आणि पैसेही भरावे लागत नाहीत. फोन ठेवा आणि गावातल्या ओळखीच्या नेटवाल्याला स्वतः फोन लावून विचारा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर, तितके पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जाऊन पुढं निघून जातात.

नेटवाल्याला फोन करतानाही ‘नेट बंद आहे’ एवढंच सांगून भागत नाही. लॉसचा दिवा कसा आहे, पॉनचा कसा आहे, वायफायचं नाव दिसतं का, सगळी यंत्रं बंद आहेत की एखादंच, एवढं सांगितलं तर पुष्कळदा तो गाडी न काढता फोनवरच काम करून देतो.