साठचे आठ का होतात?

‘आमच्या बाबांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं,’ ही डोंबिवलीतल्या घरोघरची कुरकुर. खालून गेलेल्या टेम्पोचा हॉर्न त्यांना ऐकू जातो, सुनेनं स्वयंपाकघरातून विचारलेलं मात्र नाही. संशय येणारच. पण बाबा सोंग करत नसतात.

तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झचे आवाज टिपतो. वयाबरोबर यातली वरची हद्द खाली सरकते. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं असतं, कॉक्लिया. त्यातल्या केसपेशींपैकी तोंडाजवळच्या उंच, बारीक आवाज पकडतात. पार आतल्या टोकाच्या खर्ज. झीज सुरू होते तोंडाकडून, आणि माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

थर्मामीटरची पीप ऐकू आली नाही तर फारसं अडत नाही. अडतं ते व्यंजनांपाशी. ‘साठ’मधल्या ‘स’चा जोर ४००० हर्ट्झच्या आसपास आणि वर असतो, ‘आ’ मात्र बराच खाली. ‘स’ गळला की रिक्षावाल्याचे साठ रुपये आठ होतात. (आठ रुपयांत हल्ली कोण रिक्षात बसू देतं, ते सोडा.) गाण्याचं तसं नाही. तार सप्तकातला षड्जही सहसा १००० हर्ट्झच्या आत असतो. म्हणून गडकरी रंगायतनच्या मैफलीत मान डोलावणारे आजोबा तिथल्याच नाटकात हशा पिकला की शेजाऱ्याला विचारतात, ‘काय म्हणाला?’

यावर ओरडणं हा घरगुती उपाय, आणि तो फुकट जातो. ओरडल्यानं स्वरांचाच दणका वाढतो. ‘स’, ‘फ’, ‘थ’ दुबळेच राहतात.

दोष एकट्या वयाचाही नाही. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकन कानतज्ज्ञ सॅम्युअल रोझेन यांनी तेव्हाच्या सुदानमधल्या माबान जमातीचे कान तपासले. त्या शांत मुलखातल्या म्हाताऱ्यांची श्रवणशक्ती अमेरिकेतल्या समवयस्कांपेक्षा बरीच शाबूत निघाली. आपल्याकडे डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या विशीतल्या पोरांच्या कानांना पहिला फटका बसतो तोही याच ४००० हर्ट्झच्या आसपास. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये बजावलं, की लाउडस्पीकर लावणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दहीहंडीला ती कुठं असते, हे ठाणेकरांना सांगायला नको.

साठीनंतर चष्म्याचा नंबर तपासता, तशी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणीही करून घ्या. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते. श्रवणयंत्र लागणार असेल तर लवकर लावा. आणि बाबांशी बोलताना आधी टीव्ही बंद करा, समोर येऊन, जरा सावकाश बोला.