मलेरीचा लाल चिखल

पुण्यात जीवाश्म शोधायला निघालात तर हाती काळा दगडच लागणार. पर्वती, वेताळ टेकडी, पाताळेश्वराचं लेणं, सगळा बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. बरं, त्याच्या पोटात तरी आणखी जुनं काही दडलं असेल? कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतलं, तेव्हा नऊशे मीटरहून जास्त बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. मधल्या काळातले गाळाचे खडक तिथे नाहीतच. ते बघायचे तर पूर्वेला, पार गडचिरोलीच्या टोकापर्यंत जायला हवं.

वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन झालेली प्राणहिता तिथे महाराष्ट्राची हद्द आखते. नदीपलीकडे जुना आदिलाबाद जिल्हा. तेलुगूच्या बरोबरीने मराठी आणि गोंडीही बोलणारा हा मुलूख. तिथल्या मलेरी गावावरून एका खडकाला मलेरी फॉर्मेशन हे नाव पडलं. लाल चिखलाचा दगड, मधूनमधून वालुकाश्माचे पट्टे. वय सुमारे 23 कोटी वर्षं, म्हणजे ट्रायासिक काळाचा उत्तरार्ध. सह्याद्रीचा लाव्हा वाहू लागला तेव्हाच हा चिखल सोळा कोटी वर्षांचा म्हातारा होता.

त्याची ओळख जगाला झाली ती नागपूरमुळे. ज्यांच्या नावाचं कॉलेज आज नागपुरात आहे, त्या स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना धर्मप्रसाराइतकाच दगडधोंड्यांचा नाद. त्यांच्या खटपटीतून मलेरीचे काही दात बाहेर आले. टोकदार सुळे नव्हेत, तर कंगोरे फुटलेल्या जाड, चपट्या पाट्या. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे टॉमस ओल्डहॅम यांनी 1859 मध्ये ते सेराटोडस या माशाचे म्हणून वर्णिले आणि एका जातीला हिस्लॉप यांचं नाव दिलं. सेराटोडस तेव्हा फक्त दातांवरून माहीत होता आणि केव्हाच नामशेष झाला, असं सगळे धरून चालले होते. 1870 मध्ये सिडनीच्या संग्रहालयात गेरार्ड क्रेफ्ट यांच्यापुढे क्वीन्सलँडच्या नदीतला एक मासा आला. त्यांनी तोंडात पाहिलं, तर त्याच कंगोऱ्यांच्या पाट्या! माशाला कल्ल्यांबरोबर फुप्फुसही होतं. हिस्लॉप मात्र हे ऐकायला नव्हते. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला होता.

मलेरीतलं दुसरं जनावर त्यांच्याच मायदेशी सापडलं होतं. हायपेरोडापेडॉन हा चार पायांचा, पिंपासारख्या अंगाचा, चोच असलेला शाकाहारी सरपटणारा प्राणी. वरच्या जबड्यात दातांच्या ओळींमध्ये एक खाच आणि खालच्या जबड्याची धार बरोब्बर त्या खाचेत बसणारी. अडकित्ताच म्हणा ना. जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सलींनी त्याला नाव दिलं ते उत्तर स्कॉटलंडमधल्या हाडांवरून. पुढे तसाच प्राणी मलेरीत निघाला, आणि ब्राझील, अर्जेंटिना, टांझानियातही. पोहून समुद्र ओलांडण्याची त्याची ऐपत नव्हती, आणि गरजही नव्हती. तेव्हा सगळे खंड एकमेकांना चिकटून पँजिया नावाचा एकच भूभाग होता. कुठूनही कुठेही पायी जाता येत होतं.

या चिखलातून सर्वाधिक हाडं बाहेर काढली ती, आश्चर्य वाटेल, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून 1957 मध्ये लंडनच्या पामेला रॉबिन्सन तिथे आल्या आणि आकडेमोडीच्या संस्थेत हाडं शोधणाऱ्यांची एक तुकडीच उभी राहिली. संस्थेची आठवण म्हणून मलेरीतल्या एका प्राण्याच्या शास्त्रीय नावात चक्क ‘स्टॅटिस्टिकी’ आलं आहे. हा विनोद मला फार आवडतो.

याच तुकडीतल्या शंकर चॅटर्जींनी पॅरासुकसचा अभ्यास केला. त्याच्या जातीचं नाव पुन्हा ‘हिस्लॉपी’च. दिसायला हुबेहूब सुसर, पण नाकपुड्या तोंडाच्या टोकाला नाहीत, पार मागे डोळ्यांजवळ. सुसरीची ही सख्खी आजी नव्हे. पाण्यात दबा धरून बसण्याचं तेच सोंग वेगळ्या घराण्याने आधी वठवलं होतं. दोन पॅरासुकसच्या सांगाड्यांत, पोटाच्या जागी, मलेरीसॉरस नावाच्या सडपातळ प्राण्याचे दोन सांगाडे मिळाले. शेवटचं जेवण पचायच्या आतच खाणारे गाळाखाली गेले! आणि डायनासोर? होते, पण बेताचेच. अल्वाल्केरिया नावाचा एक अगदी छोटा. त्यांचं राज्य अजून यायचं होतं.

माझ्या दृष्टीने मलेरीची खरी दौलत मात्र हाडं नाहीत, शेण आहे. विष्ठेचे दगड झालेले गोळे इथे विपुल मिळतात. काही गोळ्यांना पिळाच्या मळसूत्री वळ्या आहेत. असा पीळ ज्यांच्या आतड्यात फिरता जिना असतो, त्यांच्याच विष्ठेला पडतो, आणि फुप्फुसवाल्या माशांच्या आतड्यात तो आजही आहे. काही गोळे फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तेव्हा आत गोड्या पाण्यातल्या ऑस्ट्रॅकोड या इवल्या कवचधारी जिवांची कवचं निघाली.

चिखलाचा लाल रंग हवेशी गाठ पडून गंजलेल्या लोहाचा. त्यात चुनखडीचे खडे आहेत. ओल आणि कोरड आलटून पालटून येते तिथे असे खडे जमतात, म्हणजे पाऊसकाळ आणि उन्हाळा तेव्हाही होते.

मलेरी परराज्यात असलं तरी अलीकडच्या काठावर सिरोंचा तालुक्यात वडधमचं जीवाश्म उद्यान आहे. तिथला खडक थोडा तरुण, ज्युरासिक काळातला. दगड झालेले वृक्ष आणि डायनासोरची हाडं तिथे निघाली आहेत. पुण्याहून लांब आहे, पण एकदा जा. वाटेत एखादं हाड दिसलं तर खिशात घालू नका. ते कुठल्या थरात होतं हे कळलं नाही तर त्याचं वय सांगता येत नाही. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि वनखात्याला कळवा.