हातमोजे सगळ्यांसाठी सारखेच

मी मूळची शिरूरची. दौंडला दातांचा दवाखाना चालवते. शिकत असताना एका मावशींच्या केसपेपरवर ‘एचआयव्ही’ वाचलं आणि माझे हात थबकले. दाढ ठणकत असतानाच त्या परत गेल्या. ती सल अजून आहे.

म्हणून सुट्टीत माझ्याकडे येणाऱ्या डेंटलच्या मुलांना आधी हेच सांगते: नुसत्या लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. बाधितासाठी वापरलेली सुई आपल्याला टोचली, तरी धोका सुमारे ०.३ टक्के; तसं झालंच तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचं. हिपॅटायटिस बी याहून सहज पसरतो, त्याची लस घ्या. चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. म्हणून हातमोजे, मास्क, ऑटोक्लेव्ह प्रत्येकासाठी. एचआयव्हीमुळे उपचार नाकारायला २०१७च्या कायद्याने मनाई आहे. पण कायद्याच्याही आधी ती ठणकणारी दाढ आठवा.